डावखुरी हंसा

नटी हंसा वाडकर डावखुरी होती, यावर माझी आजी ठाम आहे. "म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय. हात करायची तर डावा, पदर धरायची तर डाव्यानं. आन् पदर तरी कसा, गुजरणीवानी उजव्या खांद्यावर."

सिनेमा होता 'सांगत्ये ऐका', ठिकाण औंढा नागनाथ, निमित्त महाशिवरात्रीची जत्रा. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता. १ मे १९९९ पर्यंत आमचा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यातच मोजला जायचा. आजी तेव्हा नुकतं लग्न होऊन आलेली पोर होती. जत्रेत तंबू टॉकीज आली होती, आणि तिच्या आयुष्यातला तो पहिला सिनेमा. पहिला सिनेमा माणूस विसरत नाही, म्हणून मी सुरुवातीला जपूनच वाद घातला. म्हटलं, आजी, हंसाबाईंचे इतके फोटो बघितले, कुठंच पदर उजव्या खांद्यावर नाही. तर म्हणाली, "फोटूतलं मला सांगू नगंस. आन् ती एकटीच कुठं? समदीच डावखुरी. पाटील डावखुरा, ढोलकीवाला डावखुरा. सिनेमावाल्यायचं तसंच असतंय."

सगळेच डावखुरे म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आजी, तू बसली कुठं होतीस?"

"बाहीर. मागच्या अंगाला. म्होरं पैशे लागायचे."

म्हणजे आजीनं सिनेमा पडद्याच्या पाठीमागून बघितला होता. तंबूच्या मागची कनात थोडी वर सरकवलेली आणि पलीकडं पोरं, म्हाताऱ्या, गडीमाणसं बैठक मारून बसलेली. पडदा साध्या कापडाचा. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही परत फिरून पैसेवाल्यांकडं जायचा, काही कापडाच्या विणीतून आरपार निघून फुकट्यांकडं यायचा. चित्र थोडं मिणमिणतं, पण अख्खं. फरक एवढाच की दुकानाच्या काचेवर बाहेरून रंगवलेली पाटी आतून जशी दिसते तसं सगळं उलटं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. पाटी उलटी दिसली की आपल्याला लगेच कळतं, कारण अक्षरं वाचता येत नाहीत. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात तीही आजीला उलटीच दिसली असणार. पण आजीला अक्षरओळख नव्हती. तिला सुलटी नावंही तेवढीच अनोळखी. त्यामुळं काही चुकतंय अशी शंका यायला जागाच नव्हती, आणि साठ वर्षं तिनं एका अख्ख्या डावखुऱ्या जगाची आठवण जपून ठेवली.

या एका गोष्टीनं मला हंसा वाडकरांच्या मागं लावलं. नटीची कारकीर्द म्हणजे नक्की काय? सिनेमांची यादी? ती तर कोणीही देईल. मला प्रश्न पडला तो असा: पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत एक बाई हात हलवते आणि औंढ्याच्या रानात एका पोरीला ती डाव्या हाताची वाटते. या दोन टोकांच्या मध्ये काय काय घडतं?

आधी ते यंत्र बघा. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका सेकंदाला चोवीस चित्रं. अडीच तासांचा बोलपट म्हणजे दोन लाख सोळा हजार चित्रं, आणि फिल्मची लांबी साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर. ही एवढी पट्टी हजार-हजार फुटांच्या रिळांत कापलेली, एक रीळ जेमतेम अकरा मिनिटांचं. रिळं पत्र्याच्या डब्यांत, डबे पेटीत. सिनेमा 'लागला' की नाही ते गावाला पेटी आल्यावर कळायचं. आधी पुणे, मुंबई, कोल्हापूरची मोठी थिएटरं, मग जिल्ह्याची गावं, मग तालुके, आणि सगळ्यात शेवटी जत्रा. पेटी आमच्याकडं पोचेपर्यंत फिल्मवर इतके ओरखडे पडलेले असायचे की पडद्यावर उभ्या रेघा नाचायच्या. लोक म्हणायचे, पाऊस पडायला लागला. भर उन्हाळ्यातल्या प्रसंगातही पाऊस.

प्रोजेक्टरमध्ये फिल्म उलटी घालावी लागते. भिंगातून गेलेली प्रतिमा खालीवर होते, म्हणून आधीच डोकं खाली, पाय वर. म्हणजे तंबूत हंसाबाई ठसक्यात उभ्या असतात तेव्हा यंत्रात त्या शीर्षासन करत असतात. आणि फिल्म सरसर वाहत जाते असं आपल्याला वाटतं, तेही खरं नाही. ती थांबत थांबत जाते. एक चित्र खिडकीसमोर येऊन गप्प उभं राहतं, मग झडप बंद होते, त्या अंधारात दातेरी चाक फिल्मला एक टप्पा खाली ओढतं, झडप उघडते, पुढचं चित्र. हे सेकंदाला चोवीस वेळा. शिवाय डोळ्याला लुकलुक जाणवू नये म्हणून चित्र उभं असतानाही झडप मध्ये एकदा मिटून घेतली जाते. हिशोब केला तर अडीच तासांतला तासभर तरी पडदा पूर्ण काळा असतो. तिकीट आपण अर्धं अंधाराचंच काढतो. हंसाबाईंचा हात इथं होता आणि आता तिथं आहे एवढंच पडद्यावर आहे. मधला हात कुठंच नाही. तो बघणाऱ्याचा मेंदू भरतो. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की डोळ्यात प्रतिमा क्षणभर टिकते म्हणून चित्रं हलल्यासारखी दिसतात. ते अर्धवट आहे. प्रतिमा टिकण्यानं लुकलुक बुजते, हालचाल तयार होत नाही. हालचाल हा मेंदूनं काढलेला निष्कर्ष. औंढ्याच्या रानात बसलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोरीचा मेंदू सेकंदाला चोवीस वेळा हे गणित सोडवत होता, आणि तिला वाटत होतं आपण नुसतं बघतोय.

आवाजाची गंमत आणखी वेगळी. फिल्मच्या कडेला, चित्रांच्या बाजूनं, एक काळी-पांढरी नागमोडी रेघ असते. तोच आवाज. ढोलकीची थाप, घुंगरू, गाणं, रडणं, सगळं त्या रेघेच्या जाडी-बारकीत. एक छोटा दिवा तिच्यातून उजेड सोडतो, पलीकडं बसलेला प्रकाशघट त्या उजेडाच्या चढउताराची वीज करतो, आणि विजेचा कर्ण्यातून आवाज. पण हा दिवा चित्राच्या खिडकीजवळ बसवता येत नाही, कारण तिथं फिल्म झटके खात चालते आणि आवाजाला एकसारखी चाल लागते. म्हणून तो थोडा खाली, जवळजवळ वीस चित्रं पुढं, म्हणजे सव्वा फुटाच्या आसपास लांब. त्यामुळं फिल्मवर आवाज आपल्या चित्राच्या पुढं छापलेला असतो. पडद्यावर ओठ हलतात ते एका तुकड्यावरचे आणि कानाला ऐकू येतो तो दुसऱ्या तुकड्यावरचा आवाज. फिल्म तुटली आणि ऑपरेटरनं दोन-चार चित्रं कापून जोडली की आधी चित्र उडायचं आणि जवळजवळ सेकंदभरानं आवाज. तंबूतली पोरं तेव्हा शिट्ट्या मारायची. त्यांना कारण माहीत नसे, पण कुठंतरी शिवण उसवली हे बरोबर कळे.

म्हणजे नटी आपल्यापुढं अख्खी कधी येतच नाही. चेहरा एकीकडं, आवाज दुसरीकडं, मधली हालचाल आपल्याच डोक्यात. हंसा वाडकरांच्या बाबतीत तर हे जन्मापासूनच म्हणावं लागेल, कारण नावसुद्धा त्यांचं नव्हतं. जन्म १९२३, मुंबईचा. मूळ नाव रतन, आडनाव साळगावकर. घरात कलावंतिणींची परंपरा, बालपणाचा बराच भाग सावंतवाडीकडचा. १९३६ साली 'विजयाची लग्ने' या बोलपटात त्या उभ्या राहिल्या तेव्हा वय तेरा. खेळायच्या वयातल्या मुलीवर घरच्या चुलीचा भार पडला, आणि पडद्यासाठी ती हंसा वाडकर झाली. लग्नही लहानपणीच झालं, पण संसार लागला म्हणून काम सुटलं नाही. सोडायचं म्हटलं तरी सोडू दिलं नाही, असं त्यांनी पुढं स्वतःच सांगून ठेवलंय.

'बॉम्बे टॉकीज'मध्ये त्या 'नवजीवन', 'दुर्गा', 'आझाद' या हिंदी चित्रपटांत दिसल्या. त्या कंपनीत तेव्हा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन आणि कॅमेऱ्यामागचा योसेफ विर्शिंगही जर्मन. सावंतवाडीकडची मुलगी, म्युनिककडच्या माणसांनी बेतलेला उजेड आणि पडद्यावर भाषा हिंदी. भारतीय सिनेमा सुरुवातीपासून असाच गावोगावच्या ठिगळांचा आहे. पण हा टप्पा मी भराभर मागं टाकतो, कारण खरं नवल पुढं आहे, १९४१ साली, पुण्यात, 'प्रभात'मध्ये.

'संत सखू'. कथा सगळ्यांना पाठ आहे. कऱ्हाडची सखू, सासू खाष्ट, नवरा तिच्या ताटाखालचं मांजर. सखूला पंढरीची ओढ लागते, घरचे तिला खांबाला बांधून ठेवतात. मग विठ्ठल बाईचं रूप घेऊन येतो, तिला सोडवतो आणि तिच्या जागी स्वतः बांधून घेतो. सखू पंढरपुरात, आणि सखूच घरात दळण दळते, पाणी भरते, सासूचे टोमणे खाते. एक बाई एकाच वेळी दोन ठिकाणी.

आता हे पडद्यावर आणायचं म्हणजे एका अठरा वर्षांच्या नटीनं सखू व्हायचं, आणि सखू झालेला विठ्ठलही व्हायचं. देवानं बाईचं सोंग घेतलंय आणि बाई देवाचं सोंग घेतेय. कोण कोणाची नक्कल करतंय याचा थांग लागत नाही. दोघी एकाच चौकटीत दाखवायच्या असतील तर त्या काळी रीत अशी: कॅमेरा जागचा हलू नये म्हणून घट्ट रोवायचा, भिंगाची अर्धी बाजू काळ्या पट्टीनं झाकायची, उघड्या अर्ध्यात नटीचं एक काम उरकायचं. मग फिल्म मोजून मागं गुंडाळायची, पट्टी दुसरीकडं सरकवायची, नटीनं कपडे बदलून रिकाम्या हवेकडं बघत स्वतःलाच उत्तर द्यायचं. सांधा दिसू नये म्हणून तो दाराच्या चौकटीवर नाहीतर खांबावर पाडायचा. ज्या खांबाला सखूला बांधायचं तोच खांब दोन सखूंमधली शिवण लपवायला कामाला येणार, हे सुचलं तेव्हा मी एकटाच हसलो.

आमच्या भागात ही कथा नुसती कथा नाही. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नर्सी इथलंच, हिंगोली तालुक्यातलं. आणि औंढ्याची आख्यायिका तर लहान पोरालाही ठाऊक असते. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांना त्याची अडचण झाली, त्यांनी सांगितलं, मागं जाऊन म्हण. नामदेव देवळाच्या पाठीमागं गेले आणि गाऊ लागले, तर अख्खं देऊळ फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. म्हणून इथं नंदी समोर नाही, मागं आहे, असं सांगतात. माझी आजी त्याच देवळाच्या जत्रेत, त्याच गावात, पडद्याच्या मागं बसली होती. देऊळ फिरलं तसा पडदा काही फिरला नाही. नुसते डावे-उजवे हात फिरले.

'संत सखू'नंतर 'रामशास्त्री', आणि मग १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी'. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट, पटकथा-गीतं ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. जयराम शिलेदार रामजोशी, आणि बया हंसाबाई. काल विठ्ठलाची सखू, आज फडावरची बया. प्रेक्षकांनी दोन्ही बिनतक्रार मान्य केलं. मला यात मराठी माणसाचा मोठेपणा वाटतो, आणि थोडा ढोंगीपणाही. कारण पडद्यावरच्या बयेला टाळ्या देणारा गृहस्थ खऱ्या फडावर तोंड लपवून जायचा. 'रामजोशी'नं मराठीत तमाशापटाची वाट रुळवली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या वाटेवर गर्दी राहिली. १९५० मध्ये 'पुढचं पाऊल', त्यात नायक चक्क पु. ल. देशपांडे. त्याच साली 'संत कान्होपात्रा'. कान्होपात्रा ही मंगळवेढ्याच्या नायकिणीची लेक आणि विठ्ठलाची भक्त. म्हणजे सखू आणि बया दोघीही एकाच भूमिकेत भेटल्या.

आणि मग १९५९, 'सांगत्ये ऐका', दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवार. पुण्याच्या 'विजयानंद'मध्ये हा चित्रपट १३१ आठवडे चालला. म्हणजे नऊशे सतरा दिवस, अडीच वर्षं. रोज तीन खेळ धरले तर पावणेतीन हजार वेळा ती नागमोडी रेघ त्या एका दिव्यासमोरून सरकली.

यातली सगळ्यात गाजलेली लावणी आजही लग्नाच्या वरातीत वाजते, तीच ती बुगडीची. आवाज आशा भोसले यांचा, शब्द माडगूळकरांचे, आणि पडद्यावर नाचल्या त्या जयश्री गडकर. हंसाबाई नाहीत. त्यांच्या सगळ्यात मोठ्या चित्रपटातली सगळ्यात मोठी गोष्ट रेडिओवर लागते तेव्हा तिच्यात त्यांचा चेहरा नाही आणि आवाजही नाही. सिनेमा फार निष्ठुर धंदा आहे.

याच सुमाराला, दोनच वर्षं आधी, युरोपच्या पश्चिम टोकाला अशीच एक गोष्ट घडत होती. सारा मोन्तिएल ही स्पॅनिश नटी, जन्म १९२८, गाव कांपो दे क्रिप्ताना. पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ला मांचा प्रांतातलं हे गाव, म्हणजे डॉन किहोतेच्या मुलखातलं. ती शेतकरी कुटुंबातली, आणि तिचंही खरं नाव वेगळंच, मारिया आन्तोनिया आबाद. आधी स्पेन, मग मेक्सिको, मग हॉलीवूड. 'व्हेरा क्रूझ'मध्ये गॅरी कूपर आणि बर्ट लँकेस्टर यांच्यासोबत काम केलं. आणि १९५७ मध्ये मायदेशी एक जेमतेम पैशातला चित्रपट, 'एल उल्तिमो कुप्ले', म्हणजे शेवटचं कुप्ले. कुप्ले हा जुन्या नाट्यगृहांतला बायकांनी म्हणायचा गाण्याचा प्रकार, नखऱ्याचा, द्व्यर्थी शब्दांचा, सभ्य घरांनी नाक मुरडावं असा. आपल्या लावणीची दूरची मावसबहीणच म्हणा. फ्रँकोच्या कडक राजवटीत माद्रिदच्या रिआल्तो थिएटरात हा चित्रपट जवळजवळ वर्षभर चालला. तिकडंही तेच: ज्या गाण्याला घरात बंदी त्याच गाण्यासाठी थिएटराबाहेर रांग. एक फरक मात्र आहे. गाण्यासाठी वेगळी गायिका घ्यायला पैसे नव्हते, म्हणून साराला स्वतःच गावं लागलं, आणि तिचा तो खर्जातला, जरा घोगरा आवाजच लोकांनी डोक्यावर घेतला. तिच्या गाण्यात निदान ती स्वतः होती. ती २०१३ पर्यंत, पंच्याऐंशी वर्षं जगली. हंसाबाई अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेल्या, २३ ऑगस्ट १९७१ ला.

जाण्याआधी त्यांनी एक काम करून ठेवलं. अरुण साधूंसमोर बसून आपलं आयुष्य सांगितलं, आणि साधूंनी ते त्यांच्याच बोलीत उतरवून घेतलं. आधी 'माणूस' नियतकालिकात क्रमशः आलं, मग १९७० मध्ये राजहंस प्रकाशनानं पुस्तक काढलं. नाव सिनेमाचंच, 'सांगत्ये ऐका'. दारू, पुरुष, पैसा, घरच्यांची ओढाताण, स्वतःच्या चुका, काही म्हणून झाकलेलं नाही. त्या वेळच्या मराठी आत्मचरित्रांच्या रांगेत हे पुस्तक म्हणजे सोवळ्यातल्या पंगतीत कोणी चप्पल घालून यावं तसं. मी ते एका बैठकीत वाचलं आणि एका जागी थबकलो, कारण तिथं आमचा मराठवाडा आला.

एका माणसाबरोबर त्या निघून गेल्या. तो त्यांना मराठवाड्यातल्या आपल्या गावी घेऊन आला. त्या घरात आधीच्या बायका होत्या. नटी म्हणून मिरवणारी ही बाई तिथं तीन वर्षं राहिली, पडद्याआड, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची मुभा नसलेली. तिथून सुटकाही सरळ झाली नाही.

ते गाव कोणतं याच्या मागं मी लागलो नाही. पण तो वाडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्याकडचे जुने वाडे मला ठाऊक आहेत: दगडी चौथरा, धाब्याचं माळवद, आतल्या अंगाला एवढासा झरोका, आणि माजघरात सागवानी खांब. त्या खांबांमध्ये ती बाई वावरतेय. आणि त्याच तीन वर्षांत कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी तंबूत पेटी उघडली जात असणार, आणि ऑपरेटर त्याच बाईला उलटी करून यंत्रात घालत असणार. घरातल्या बाईला बाहेर जाता येत नाही, आणि तिची सावली जत्रा फिरतेय. सखूच्या गोष्टीत देव बांधून घेतो आणि बाई सुटते. इथं सुटली ती फिल्म.

हंसाबाईंच्या पुस्तकावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला. त्यात त्या मराठवाड्यातल्या घराची छाया अमरीश पुरी यांच्या जमीनदाराच्या वाड्यात दिसते. गोविंद निहलानी यांच्या कॅमेऱ्यानं काही भाग रंगीत, काही कृष्णधवल टिपला, त्यामुळं नटीचं आयुष्य आणि सिनेमाचं वय एकाच पट्टीवर दिसतं. नटीचं काम स्मिता पाटीलनं केलं तेव्हा तिचं वय बावीसच्या आतबाहेर. त्याआधी ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, आणि तिचं पडद्यावरचं पहिलं काम म्हणजे अरुण खोपकर यांचा पदविका-चित्रपट 'तीव्र मध्यम', पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला. ती इन्स्टिट्यूट 'प्रभात'च्याच आवारात उभी आहे. जिथं हंसाबाई सखू झाल्या तिथंच तेहतीस वर्षांनी स्मिता पहिल्यांदा सिनेमाच्या कॅमेऱ्यापुढं आली, आणि तीन वर्षांनी तिनं हंसाबाईंची जागा घेतली. 'भूमिका'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. हंसाबाई ते बघायला नव्हत्या. आणि पुढं नऊ वर्षांनी, १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतर पंधरा दिवसांनी स्मिताही गेली, एकतिसाव्या वर्षी.

हे सगळं मी आजीला सांगितलं. प्रकाशघट, झडप, पट्टी सरकवून केलेल्या दोन सखू, सगळं. तिनं निम्मं ऐकलं, निम्मं सुपारी कातरण्यात घालवलं. मराठवाड्यातल्या त्या वाड्याचं सांगितलं तेव्हा मात्र अडकित्ता थांबला. "मंग? सुटली का न्हाई?" सुटली म्हटल्यावर तिनं सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

परवा गावी गेलो तेव्हा मोबाईलवर 'सांगत्ये ऐका' लावला. आजीचा एक डोळा मोतीबिंदूचा, दुसरा बरा. फोन नाकाजवळ धरून तिनं पाच मिनिटं बघितलं आणि माझ्या हातात परत दिला.

"ही न्हवं ती."

"अगं, हीच हंसा वाडकर."

"असंल तुझी. म्या बघितलेली न्हाई ही."

मग मला युक्ती सुचली. तोच तुकडा घेऊन फोनवरच्या एका ॲपमध्ये आडवा फिरवला. आरशासारखा. पदर उजव्या खांद्यावर गेला, हात डावा झाला, कोपऱ्यातली अक्षरं उलटी झाली. मला आता ते बघवत नव्हतं, सगळं कसं वेडंवाकडं वाटत होतं. फोन पुन्हा तिच्या हातात दिला. तिनं बऱ्या डोळ्यानं बघितलं, बोटानं पडदा पुसला, पुन्हा बघितलं.

"हां," आजी म्हणाली. "आता कशी आली. बघ, डावखुरीच हाय."